सपाटरावांची किल्ली

गर्जेराव निवडणूक हरले त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही.

आता गर्जेराव काही आमचे सोयरे नव्हेत. उलट माझ्या नवऱ्यानं उमेदीची सगळी वर्षं त्यांची टिंगल करण्यात घालवली. गर्जेराव हे नावही ह्यांनीच ठेवलेलं. खरं नाव अख्ख्या देशाला पाठ होतं, पण आमच्या घरात ते कधी कुणी उच्चारलं नाही. भाषणाला उभे राहिले की गर्जेराव आधी दोन्ही हातांनी पँट वर ओढत, मग छाती फुगवत, आणि मग अशी काही आरोळी ठोकत की माइकवाला दचकून मागे सरके. ह्यांनी ते उचललं. पुढे पुढे तर स्टेजवर येऊन नुसती पँट वर ओढली तरी हशा पिकायचा. त्या एका पँटीवर आमचा संसार उभा राहिला. घराला रंग लागला, मुलीचं शिक्षण झालं.

एका वाढदिवसाला खुद्द गर्जेरावांनी ह्यांना कमरेचा पट्टा भेट पाठवला होता. सोबत निरोप, 'माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त गरज दिसते.' हे त्या निरोपावर इतके खूष झाले की पुढचे कित्येक प्रयोग तोच पट्टा लावून पँट वर ओढत राहिले.

तर निकालाच्या दिवशी हे सकाळपासून टीव्हीसमोर बसून होते. गर्जेराव मागे पडले, आणखी मागे पडले, आणि मग नुसते पडले. ह्यांनी डोक्याला हात लावला.

"अहो, हा माणूस गेला पाहिजे असं तुम्हीच ना म्हणायचात?" मी विचारलं.

"गेला पाहिजे म्हणायचो. खरंच जावा असं कुठं म्हणालो?"

"मत कुणाला दिलंत?"

"मत गुप्त असतं," हे म्हणाले आणि तोंड फिरवून बसले. मला काय कळायचं ते कळलं.

ह्यांची सुरुवात पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात झाली. हे तिथे कारकून. जेवणाच्या सुट्टीत साहेबांची नक्कल करून दाखवायचे. एकदा साहेब मागे येऊन उभे राहिले. सगळे चिडीचूप झाले. ह्यांना वाटलं नक्कल रंगलीय, म्हणून ह्यांनी आणखी जोर केला. शेवटी साहेबांनीच टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी बदलीचा हुकूम काढला. हे बदलीच्या गावी गेलेच नाहीत, थेट नाटकमंडळीत गेले. माझ्या वडिलांना कुणी विचारलं, जावईबापू काय करतात, तर ते बिचारे सांगायचे, "सरकारच्या संबंधातलं काम आहे." तसं ते खोटंही नव्हतं.

प्रत्येक माणसाला एक किल्ली असते, असं ह्यांचं शास्त्र. आवाज, चाल, टोपी हे सगळं नंतर. आधी किल्ली. अर्थमंत्री कुठलाही आकडा सांगण्याआधी बुडी मारणार असल्यासारखा श्वास भरून घेत, ती त्यांची किल्ली. विरोधी पक्षाच्या बाई प्रश्न विचारून झाला की स्वतःच 'बरोबर' म्हणून मान डोलवत, ती त्यांची. किल्ली सापडेपर्यंत हे घरात भुतासारखे फिरायचे आणि सापडली की मला स्वयंपाकघरातून ओढत आणून दाखवायचे. भाजी करपली तरी चालेल, पण कौतुक ताजं हवं.

अशा घरात राहायचं म्हणजे कानांची परीक्षा असते. बाहेरच्या खोलीत गर्जेरावांचा आवाज आला की हे उठले असं समजून मी चहा टाकायची. एकदा तर खरे गर्जेराव टीव्हीवर शपथ घेत होते आणि मी त्यांच्यासाठी साखर बेताची घालून चहा घेऊन गेले. पुढे सरावानं मला नकली कुठला आणि अस्सल कुठला हे ओळखता यायला लागलं. ह्यांचे गर्जेराव जरा जास्त अस्सल वाटायचे.

आणि मग गर्जेराव गेले नि नवे आले. त्यांचं नाव ह्यांनी सपाटराव ठेवलं. चालणं सपाट, बोलणं सपाट, भांगसुद्धा सपाट. ओरडत नाहीत, हसत नाहीत, हात उडवत नाहीत. त्यांचं बोलणं ऐकून उठलं की ते काय बोलले हे कुणालाच सांगता येत नसे, आणि राग म्हणावा तर तोही येत नसे.

ह्यांनी काय काय नाही केलं! सपाटरावांच्या सभेला गेले. ओळखीच्या छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याचं तिकाटणं धरून पत्रकार परिषदेत उभे राहिले. घरी टीव्हीचा आवाज बंद करून नुसतं चित्र बघितलं, मग टीव्हीवर चादर टाकून नुसता आवाज ऐकला.

"ह्याला किल्लीच नाही गं," हे कपाळावर हात मारून घेत. "हा माणूस नाही, भिंत आहे."

"अहो, ते सारखा चष्मा पुसतात, ते बघा की," मी एकदा सुचवलं.

"चष्मा तर सगळेच पुसतात!" हे खेकसले. "त्यात काय किल्ली?"

तशात एक दिवस मंडळीचे दिग्दर्शक घरी आले. ह्या गृहस्थांच्या खिशात कायम पेपरमिंट आणि बोलण्यात कायम घाई. बसायच्या आधीच म्हणाले, "थिएटरवाला विचारतोय. नव्या हंगामाच्या पहिल्या प्रयोगात नवे साहेब दिसले पाहिजेत. नाही दिसले, तर आपल्या तारखा तो जादूगाराला देणार."

"गर्जेराव करतो की. लोकांना आवडतात."

"हरलेल्या माणसावर हसायला लोक तिकीट काढत नाहीत हो. फुकट हसतात." एवढं बोलून त्यांनी पेपरमिंट कडाकडा चावली आणि चहा न घेताच गेले. हे दिवसभर खिडकीशी बसून राहिले. मला ह्यांची फार दया आली, खरंच सांगते. पुढारी हरला तर त्याला पुढची निवडणूक असते, नकलाकाराला कुठली आलीय?

आता आमच्या लेकीबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट तिचीच आहे. ती कुरिअर कंपनीच्या तक्रार विभागात नोकरी करायची. दिवसभर कानाला फोन लावून 'आपली तक्रार नोंदवून घेतली आहे' म्हणायचं काम. घरी आली की जेवताना ती त्या तक्रारवाल्यांना एकेक करून ताटाशी आणून बसवायची. चिडलेला डॉक्टर, रडवेली नवरी, पार्सल फुटलं म्हणून भांडता भांडता स्वतःच फुटणारा दुकानदार. हसून हसून माझ्या घशात घास अडकायचा. खाण तशी माती, दुसरं काय! हे मात्र हसायचे नाहीत. मान खाली घालून जेवायचे, पण कान टवकारलेले असायचे.

तिला ह्यांच्याच मंडळीत यायचं होतं. नोकरी सोडून, स्वतःच्या नावानं, जाहिरातीत नाव लावून. दुसऱ्या एका मंडळीनं तिला बोलावलंही होतं, पण ती गेली नाही. "बाबांच्या समोर दुकान थाटून बसू का?" म्हणाली. दिग्दर्शक म्हणत, बापानं हो म्हणावं, पोरीनं उद्या यावं. म्हणजे सगळं येऊन अडलं होतं ते बापाच्या एका शब्दापाशी.

आणि बापाचा शब्द कसा होता तो ऐका. ती विचारायची, "बाबा, माझं काय?" हे आधी चष्मा काढायचे. काच उजेडात धरायचे. बनियनच्या टोकाला पुसायचे. पुन्हा उजेडात धरायचे. चष्मा परत नाकावर चढेपर्यंत विचारणारा आपण काय विचारलं ते विसरलेला असायचा. आमची पोर विसरायची नाही. मग हे गुडघा चोळत म्हणायचे, "विषय महत्त्वाचा आहे. घाई करून चालणार नाही. बघू." आणि ती तरीही हलली नाही तर, "जा, तू आधी जेवून घे."

'नाही' कधी म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर पोर भांडली असती, रडली असती, मोकळी झाली असती. 'बघू'शी भांडायचं कसं? मला विचाराल तर मला ह्या 'बघू'चा मनापासून संताप यायचा. आमच्या बाथरूमचा गळका नळ, माझ्या भावाकडे जायचं राहिलेलं, सगळं त्या एका 'बघू'खाली गाडलं गेलं होतं. हे म्हणायचे, "पोरीची काळजी वाटते, लोक स्टेजवर काय काय फेकतात तुला माहीत नाही." काळजी होतीच. पण पोर आपल्याहून सरस निघेल ही धास्तीही होती, आणि ती मला जेवणाच्या ताटावर दिसायची.

गंमत म्हणजे स्टेजवर हेच गृहस्थ पुढाऱ्यांवर कडाडायचे, "अहो, हो म्हणा, नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा!" केवढ्या टाळ्या पडायच्या! लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडा पाषाण.

एका रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. बाहेरून आवाज आला, "ह्या विषयाकडे आम्ही मोकळ्या मनानं बघतो आहोत. घाई करून चालणार नाही. योग्य वेळी योग्य तो निर्णय होईल."

माझं डोकंच सटकलं. "योग्य वेळ होऊन गेली कधीच!" मी आतून ओरडले. "इतकी वर्षं पोर तोंडाकडे बघत बसलीय! हो तरी म्हणा, नाही तर नाही म्हणा! आणि तो नळ कधी बघणार आहात, घर वाहून गेल्यावर?"

उत्तर आलं नाही. मी विळी बाजूला सारून तशीच बाहेर गेले. ह्यांची खुर्ची रिकामी होती. हे केस कापायला गेले होते. लेक जमिनीवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती आणि टीव्हीवर सपाटराव, बंद पडलेल्या पुलाबद्दल विचारणाऱ्या पत्रकारांसमोर, शांतपणे चष्म्याची काच उजेडात धरून बघत होते.

मी लेकीकडे बघितलं, लेकीनं माझ्याकडे. मग आम्ही दोघी अशा हसत सुटलो की घड्या घातलेले कपडे पुन्हा विस्कटले. आवाज काही तंतोतंत तोच नव्हता. पण टाळाटाळीचा एक सूर असतो, तो बायकोच्या कानाला झोपेतसुद्धा कळतो. गर्जेरावांना, अर्थमंत्र्यांना मी ओळखायला शिकले होते. नवऱ्याचं स्वतःचं बोलणं टीव्हीतून येईल असं मात्र स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"पण हे ह्यांना सांगणार कोण?" मी डोळे पुसत म्हटलं. "मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार?"

"सांगायचं नाही, आई," पोर म्हणाली. "दाखवायचं."

तिनं बापाचा जुना सदरा चढवला, त्यांचा जादा चष्मा लावला आणि त्यांच्या खुर्चीत जाऊन बसली. जिन्यात पावलं वाजली तसं तिनं मला खुणावलं. मी विचारलं, "काय हो, तो नळ कधी दुरुस्त होणार?"

पोरीनं चष्मा काढला. काच उजेडात धरली. सदऱ्याच्या टोकाला पुसली. पुन्हा धरली. मग गुडघा चोळत म्हणाली, "विषय महत्त्वाचा आहे. त्याकडे आपलं लक्ष आहे. बघू."

हे दारात उभे होते. मला वाटलं, आता भूकंप होणार. आणि हे टाळी वाजवून ओरडले, "अगं, हाच! हाच तो सपाटराव! पकडलास की गं तू त्याला!"

मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.

"कुठं बघितलंस हे सगळं?" हे तिच्यासमोर उकिडवे बसून विचारत होते.

"घरीच," पोर साळसूदपणे म्हणाली.

"मीही घरीच बघतो की! हा गुडघा, ही काच, मला कसं दिसलं नाही?"

"तुम्ही बसता तिथून नाही दिसत ते."

तेवढ्यावर ह्यांचं समाधान झालं. तिथल्या तिथे शिकवणी सुरू झाली. आणि काय सांगू, ह्यांना ते जमेना! ज्या माणसानं अख्खं मंत्रिमंडळ गिळून पचवलं, त्याला स्वतःची नक्कल जमेना. चष्मा पुसायचे तो धुणं धुतल्यासारखा. गुडघा चोळायचे तर वाटावं, आता मालिशवाल्याला बोलवावं लागणार.

"बाबा, कमी. एवढं नाही."

"एवढं कमी केलं तर मागच्यांना काय दिसणार?"

"बाबा, नेहमीसारखं बसा ना!"

"नेहमीसारखं म्हणजे कसं?" हे खरोखरच गोंधळून विचारत. मी आत जाऊन नळाखाली तोंड धुऊन यायची. नळ गळत होताच.

तालमीच्या खोलीत तर फजितीच झाली. हे सपाटराव करत होते आणि दिवेवाला मोबाइल बघत बसला होता. दिग्दर्शकांनी एकामागून एक पेपरमिंट संपवल्या. शेवटी म्हणाले, "हे सपाटराव नाहीत हो. हे पोटात दुखणारे गर्जेराव आहेत."

मी आणि लेक कोपऱ्यात बसलो होतो. ह्यांना वाईट वाटलं, पण कामाच्या बाबतीत माणूस प्रामाणिक. म्हणाले, "पोरीनं काय पकडलंय ते बघा तरी एकदा." पोरीनं करून दाखवलं. दिवेवाल्याचा मोबाइल खाली पडला. दिग्दर्शकांच्या घशात पेपरमिंट अडकली आणि पाठीत धपाटे घालून ती बाहेर काढावी लागली. श्वास परत आल्यावर त्यांचा पहिला शब्द होता, "हीच!"

सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. ह्यांनी चष्मा काढला. काच दिव्याकडे धरली. सदऱ्याला पुसली, पुन्हा धरली. "विषय महत्त्वाचा आहे," हे गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले. "घाई करून चालणार नाही. बघू."

"वा!" दिग्दर्शक टाळ्या वाजवत उठले. "आत्ता आलं! असंच करायचं होतं, इतका वेळ काय करत होतात?"

"मी काही करत नव्हतो," हे म्हणाले.

पोर तळहाताकडे बघत होती. ह्यांना काही कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं, देव जाणे. दिग्दर्शकांनी मात्र संधी साधली. "बघायला वेळ नाही. पोरगी सपाटराव, तुम्ही तिला प्रश्न विचारणारे पत्रकार. नाही तर जादूगार."

हे तयार झाले, पण अटी घालून. एकच प्रयोग. जाहिरातीत नाव नाही, 'आणि सहकारी' एवढंच. प्रयोग झाला की सोमवारी पोरीनं मुकाट्यानं कामावर जायचं. पोरीनं सगळ्याला मान डोलावली. दिग्दर्शक खूष झाले.

प्रयोगाच्या संध्याकाळी मी मेकअपच्या खोलीत तिच्या मिशीला डिंक लावत होते. आरशातून माझ्याकडे बघत ती म्हणाली, "आई, आज लोक हसले आणि तरीही बाबा 'बघू'च म्हणाले, तर मी परत विचारणार नाही. कधीच नाही. तक्रारी ऐकत बसेन, पगार चांगला आहे." ती हे रागानं म्हणाली असती तर मी समजूत घातली असती. ती अगदी शांतपणे म्हणाली, आणि मी तिची मिशी पुन्हा एकदा दाबून बसवली.

थिएटर गच्च भरलं होतं. पुढच्या रांगांमध्ये सपाटरावांच्या पक्षाची माणसं हाताच्या घड्या घालून बसली होती. हसायचं नाही असं ठरवून आलेला माणूस दुरून ओळखू येतो. हे पत्रकाराचा झोळा अडकवून, हातात खोटा माइक घेऊन आले तशा टाळ्या पडल्या. लोक पँट वर ओढायची वाट बघत होते. ह्यांनी ती ओढली नाही.

मग पोर आली. राखाडी कोट, सपाट भांग. आली आणि खुर्चीत बसली, बस्स. कुणी हसलं नाही. ह्यांनी पहिला प्रश्न विचारला आणि तिनं चष्मा काढला. काच उजेडात धरली तेव्हा मागे कुठेतरी एक बाई फसकन हसली. पुसून पुन्हा धरली तेव्हा चार रांगा हसल्या. तिसऱ्यांदा धरली आणि अख्खं थिएटर कोसळलं. घड्या घातलेले हातसुद्धा सुटले. त्या पक्षातला एक जाडजूड गृहस्थ शेजाऱ्याच्या मांडीवर थापा मारत होता.

हे रंगात आले होते. मला वाटतं, समोरचा नट आपल्याहून चांगला आहे हे कळल्यावर नटाला जो आनंद होतो तो लपवता येत नाही. ह्यांनी पाण्याचं विचारलं, रस्त्यांचं विचारलं. पोर प्रत्येक उत्तरात इतकं कमी करत होती की लोक तिच्या बोटांकडे बघून हसायला लागले.

"साहेब," हे शेवटी म्हणाले, "पूल कधी सुरू होणार? लोक खोळंबलेत."

पोरीनं गुडघा चोळला. "विषय महत्त्वाचा आहे. बघू." लिहिलेलं उत्तर इथे संपत होतं. तिनं बापाच्या डोळ्यांत बघितलं आणि पुढे म्हणाली, "जा, तू आधी जेवून घे."

लोक आडवे झाले. देशाचा पुढारी पत्रकाराला जेवायला पाठवतोय म्हटल्यावर काय! पण हे वाक्य तालमीत कधीच नव्हतं. ते आमच्या घराबाहेर कधी पडलंच नव्हतं.

मी विंगेतून ह्यांच्याकडे बघत होते. चेहऱ्यावर पत्रकाराचं हसू होतं ते तसंच राहिलं. नजर मात्र पोरीच्या गुडघ्यावर गेली, तिथून चष्म्यावर गेली, तिथून स्वतःच्या हाताकडे गेली. मग हे विंगेकडे वळले. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते? होय बाबा, तुम्हीच.

पुढचा प्रश्न आलाच नाही. इतक्या वर्षांत हे स्टेजवर कधी ओळ विसरले नव्हते. पलीकडच्या विंगेतून दिग्दर्शक पुढची ओळ फुसफुसत होते, हातवारे करत होते. ह्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"साहेब," हे हळू म्हणाले, "तुम्हाला मुलगी आहे?"

लोक जरा शांत झाले. सपाटरावांना मूलबाळ नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पोरीनं पापणी लववली नाही.

"आहे," ती सपाटरावांच्या आवाजात म्हणाली.

"काय म्हणते?"

"तिची एक मागणी आहे."

"कसली?"

"स्टेजवर यायचं म्हणते."

कुठेतरी हशा फुटला.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"बघू म्हटलं."

मोठा हशा.

"कधीपासून बघताय?"

पोरीनं चष्मा काढला. ह्या वेळी पुसला नाही. "मला आठवत नाही," ती म्हणाली. "तिला आठवत असेल."

लोक हसले, पण अर्धवटच. पुढच्या रांगेतल्या त्या जाडजूड गृहस्थानं मांडीवरचा हात उचलून घेतला. मी विंगेतल्या दोरीला धरून उभी होते.

"साहेब, एकदाच उत्तर द्यायचं झालं," हे म्हणाले. "हो की नाही?"

पोरीनं चष्मा लावला आणि बापाकडे सरळ बघितलं. "आम्हाला नाही सांगता येत," सपाटराव म्हणाले. "तुम्हीच सांगा."

"हो," हे म्हणाले.

इतक्या हळू, की ते मलाच जेमतेम ऐकू आलं. थिएटरमध्ये कुणाला कळेना, हसायचं की थांबायचं. दिग्दर्शक पडद्याच्या दोरीशी धावले. पोर खुर्चीत पुढे सरकली, गुडघा चोळला आणि त्याच सपाट आवाजात म्हणाली, "जरा मोठ्यानं सांगा. मागच्या रांगेला ऐकू आलं नाही."

ह्यांनी माइक खाली ठेवला, झोळा काढून बाजूला टाकला आणि मागच्या रांगेकडे तोंड करून ठणठणीत सांगितलं, "हो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, सरकारकडून एकदाचं उत्तर वदवून घेतलं. मी विंगेत बसून हमसाहमशी रडत होते, ह्यांचेही डोळे वाहत होते. पोरीनं मात्र पडदा पूर्ण पडेपर्यंत सपाटरावांच्या चेहऱ्यावरची एक रेषाही हलू दिली नाही.